शिसपेन्सिलीचा कोश

मी खोका आहे, मित्रांनो, जुनापाना, लाकडी. खिदिरपूरच्या गोदीजवळ एका सुताराने जहाजातून उतरलेल्या पेट्यांच्या फळ्या जोडून मला बनवलं आणि श्यामसुंदर सरांनी मला बालीगंजला घरी आणलं. सर कॉलेजात साहित्य शिकवायचे. गोष्टींविषयी बोलताना आपण जे शब्द सैलपणे वापरतो, त्यांचा मराठी कोश त्यांना करायचा होता. कथानक, निवेदक, वातावरण, दृष्टिकोन. एकेका शब्दाला एकेक कार्ड. चारशे बारा कार्डं माझ्या पोटात होती.

पण सर सगळं शिसपेन्सिलीनं लिहायचे! "शाईनं लिहिलं की माणूस विचार करायचा थांबतो," म्हणायचे. शब्दांचा किती कीस पाडायचे म्हणून सांगू! घरी आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला चहाआधी प्रश्न, "कथानक म्हणजे काय हो?" कुणी म्हणायचं, काय घडलं ते. कुणी म्हणायचं, का घडलं ते. सर दोघांनाही "वा!" म्हणायचे आणि पाहुणे गेले की जुनं खोडून नवं लिहायचे. प्रकाशक विचारून विचारून थकले. तीस वर्षं भिजत घोंगडं! तरी मला सरांचा फार अभिमान होता.

आता सर विसरतात. शब्द विसरतात, लेकीचं नाव विसरतात. खोडायचं तेवढं विसरले नाहीत. रोज सकाळी माझं झाकण उघडतात, एक कार्ड वाचतात, "छे, हे नव्हे," म्हणतात आणि खोडरबर फिरवतात. मग पेन्सिल धरून नुसते बसून राहतात. काही सुचतच नाही त्यांना. माझा जीव तीळतीळ तुटतो.

अकरा दिवसांपूर्वी लेक यामिनी पुण्याहून आली. मला उघडून पाहिलं आणि तिने डोक्याला हात लावला.

"आई, अगं खोडरबर काढून घ्यायचं ना! बाबांचं आयुष्य होतं यात."

"घेतलं होतं गं," प्रेमलताबाई म्हणाल्या. "दिवसभर रडले. कोरी कार्डं दिली तर ढुंकून बघेनात. एवढंच काम उरलंय त्यांना, तेही काढून घेऊ?"

यामिनीने उरलेल्या कार्डांचे फोनवर फोटो काढले. अकराच निघाली.

आज सरांनी शेवटचं कार्ड काढलं. 'निवेदक: गोष्ट सांगणारा.'

"हे कुणी लिहिलंय?"

"अहो, तुम्हीच."

"मी? छे, हे नव्हे."

मित्रांनो, चुकलं तर चुकू द्या, पण थोडं तरी शाईनं लिहून ठेवा. उद्या सकाळी सर माझं झाकण उघडतील, तेव्हा त्यांना खोडायलाही काही सापडणार नाही.