पाय टेकेना

पंचवीस वर्षं लोकांच्या नाकांवर चष्मे बसवण्यात घालवलेल्या माणसाने एक्कावन्नाव्या वर्षी मोटरसायकल घेतली, आणि तीही साधीसुधी नव्हे. डोंगर, खडी, वाळू, ओढे, कशाला म्हणून नाही न म्हणणारी, लांबच्या प्रवासाची गाडी. पुढे उंच काच, दोन्ही अंगांना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, वजन दोनशे चाळीस किलो. चष्मेवाल्याची स्वतःची उंची पाच फूट तीन इंच.

शोरूममध्ये तो सीटवर बसला तेव्हा दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले न लागले. विक्रेता म्हणाला, "साहेब, गाडी चालू असताना पाय टेकावे लागतातच कुठे?" वाक्य खरं होतं, म्हणून त्याने ते पटवून घेतलं. गाडी कधीतरी थांबतेही, हा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.

इमारतीतले लोक त्याच्या माघारी त्याला 'उंटावरचे शहाणे' म्हणू लागले. त्याच्या कानावर ते आलं. त्याने हसण्यावारी नेलं, पण दुसऱ्या दिवशी सीटचा फोम दोन बोटं तासून आणला आणि जाड तळव्याचे बूट शिवून घेतले. एकदा का गाडी चालती झाली की मग मात्र बघायला नको. शहर मागे पडलं, चौथा-पाचवा गिअर पडला, की त्या धुडाचं वजन कुठल्या कुठे जाई. दुकानात दिवसभर खाली मान घालून स्क्रू पिळणारा हा माणूस उंच सीटवरून शेतांच्या पलीकडचं पाहू लागला. आपले खांदे इतके रुंद आहेत हे त्याला पन्नाशीनंतर कळलं.

घरी कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की पहिल्या दोन महिन्यांत गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये दोनदा आडवी झाली होती. दोन्ही वेळा उभ्या उभ्या. दोन्ही वेळा रखवालदाराने हात लावला, आणि दोन्ही वेळा चष्मेवाल्याने त्याला बजावलं, "वरती बोलू नकोस हं."

वरती म्हणजे बायकोकडे. ती तपासणी प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करायची. तिचा हात इतका हलका की सुई टोचून झाल्यावर लोक विचारायचे, कधी टोचणार? दिवसाचे आठ तास ती पायांवर उभी असे. गाडीबद्दल तिने एकच अट घातली होती, "मला मागे बसवून तलाव दाखवायचा. तुमच्या फोटोंत मी कधीच नसते."

तिसऱ्या महिन्यातल्या एका सुट्टीच्या सकाळी ते निघाले. तास-दीड तास मजेत गेला. ती मागून त्याच्या हेल्मेटवर टकटक करून काहीबाही दाखवत होती. तलावाच्या अलीकडे घाटात रस्त्याला फाटा फुटला आणि त्याने चुकीचा धरला. डांबर संपलं, खडी लागली, आणि एका उतारावर रस्ताच खचलेला निघाला. आता मागे वळणं आलं.

"मी उतरते," ती म्हणाली. "तुम्ही निवांत वळवून घ्या."

"बस गं. उतरतेस काय त्यात!"

वरच्या वळणावर एक निळा ट्रक उभा होता आणि त्याचा चालक दगडावर बसून डबा खात होता. कोणीतरी बघतंय हे चष्मेवाल्याने पाहिलं होतं. तेवढ्यावरूनच तो बस म्हणाला असं नाही, पण तेवढं नसतं तर कदाचित म्हणाला नसता.

अर्धं वळण झालं आणि पुढचं चाक खडीत रुतलं. त्याने उताराच्या बाजूचा पाय खाली सोडला. तिथे जमीन नव्हती. म्हणजे होती, पण आणखी वीतभर खाली. गाडी पडली ती काही धाडकन नाही. एखादं कपाट कलावं तशी सावकाश कलली, आणि कलतेय हे कळूनही त्याला काही करता आलं नाही. तो बाजूला फेकला गेला. तिचा डावा पाय पेटीखाली सापडला.

ती किंचाळली नाही. "अहो," एवढंच म्हणाली, "पाय."

त्याने हँडल धरून ओढलं. पेटी धरून ओढलं. गाडी तसूभर उठायची आणि पुन्हा बसायची, आणि ती बसली की बायकोच्या तोंडून असा आवाज निघायचा की तो पकड सोडून द्यायचा. तेवढ्यात ट्रकचालक धावत खाली आला. चाळिशीचा, आडव्या बांध्याचा माणूस. "सोडा साहेब, ओढू नका!" त्याने गाडीकडे पाठ केली, सीटला कंबर भिडवली, आणि पायांच्या जोरावर मागे रेटत रेटत ती उभी केली. मग बायकोला उचलून ट्रकच्या केबिनमध्ये आडवं घातलं. घाट उतरून रुग्णालय गाठायला चाळीस मिनिटं लागली, आणि सबंध वाटेत तो तिच्याशी बोलत राहिला: गाडीत दारं भरलीत, ताई, नवीन शाळेची, ब्याऐंशी दारं, झोपू नका, माझ्याकडे बघा.

रुग्णालयात स्ट्रेचर आला, धावपळ झाली. ट्रकचालकाच्या शर्टावर रक्त होतं. तरुण डॉक्टरने कागदावरून डोकं वर केलं, आधी त्याच्याकडे पाहिलं, मग चष्मेवाल्याकडे.

"ट्रकने उडवलं का?"

"हं," चष्मेवाला म्हणाला.

असं झालं ते. खोटं बोलायला त्याला जीभसुद्धा हलवावी लागली नाही. प्रश्न नीट ऐकला नव्हता, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. ऐकला होता. थांबलेली गाडी मला सांभाळता आली नाही, हे चार लोकांत सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. ट्रकचालक तेवढ्यातच तिचा एक बूट आणायला बाहेर वळला होता. बूट त्याने बाकावर ठेवला, म्हणाला, "येतो साहेब, दारं पोचवायचीत. ताईंना जपा," आणि गेला.

पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, आत सळई घातली. दुसऱ्या दिवशी मेहुणा आला, म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो एका वकिलाकडे टंकलेखक होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला तो, पण बहिणीवर जीव टाकणारा. केसपेपरवर 'ट्रकची धडक' वाचल्यावर तो पेटलाच.

"भाऊजी, तुम्ही गप्प कसे बसलात? मी बघतो त्याच्याकडे."

"जाऊ दे रे. तिला बरं वाटू दे आधी."

"जाऊ दे? ताईचा पाय आहे तो!"

ट्रकचा नंबर रुग्णालयाच्या फाटकावरच्या वहीत होताच. मेहुण्याने पोलिसांना आणलं. त्यांच्यापुढे चष्मेवाल्याला खरं सांगायला दहा मिनिटं मिळाली होती. त्या दहा मिनिटांत तो, अंमलदाराच्या चष्म्याची डावी काडी वाकडी आहे, हेच बघत बसला. मग त्याने सही केली.

पाचव्या दिवशी बायको उशीला टेकून बसू लागली. मेहुणा संत्री सोलत म्हणाला, "ताई, बातमी आहे. धरला त्याला. ट्रक जमा झालाय, त्याचा परवानाही ठेवून घेतलाय."

"कोणाला धरलं?"

"तुम्हाला उडवणाऱ्या ट्रकवाल्याला! कोणाला म्हणजे?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीचा पडदा सारखा करत होता. "मला गार पाणी आण रे खालून," ती भावाला म्हणाली. तो गेल्यावर तिने सोललेलं संत्रं बाजूला सारलं.

"त्या माणसाने मला उचलून आणलं," ती म्हणाली.

"डॉक्टरांनी विचारलं. मी नुसतं हं म्हणालो. पुढचं सगळं..."

"मग आता नुसतं नाही म्हणा."

"तुझ्या भावाने एवढी धावपळ केलीय. त्याला काय तोंड दाखवू?"

"आणि तो माणूस आज घरी काय तोंड दाखवत असेल?"

त्याने मग उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं, तळघरात गाडी दोनदा पडली होती त्यासकट. तिने शांतपणे ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं ते फक्त 'दोनदा' या शब्दाला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आणि मी उतरते म्हणाले तेव्हा?"

"लाज वाटली."

"कोणाची? मागे मीच तर होते."

तो पुन्हा पडदा सारखा करू लागला.

तरी त्याने आणखी दोन दिवस काढले. उद्या जातो, आज दुकानात माल यायचाय.  त्याने दिलेला पाण्याचा पेला घ्यायचं तिने बंद केलं. नर्सकडून घ्यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तो ठाण्यात गेला.

अंमलदाराने ऐकून पेन खाली ठेवलं. "सही केली तेव्हा शुद्धीत होतात ना?"

"होतो."

"खोटा जबाब देणं हा गुन्हा आहे, एवढं कळतं? चष्मे विकता म्हणे तुम्ही."

"कळतं."

नवा जबाब लिहून झाला. नोटीस येईल, न्यायाधीशांपुढे उभं राहावं लागेल, असं सांगून अंमलदाराने त्याला वाटेला लावलं. पण तेवढ्याने त्याचं भागलं नाही. ट्रकमालकाचा तळ, ट्रक उभे करायची जागा, सव्वाशे किलोमीटरवर होता. मेकॅनिकने गाडी घाटातून आणून दुरुस्त करून दिली होती. बसने जाता आलं असतं. तो गाडीनेच निघाला, कारण बसमधून उतरून माघारी फिरणं सोपं जातं हे त्याला स्वतःबद्दल आता माहीत झालं होतं.

तो प्रवास कसला, शिक्षाच होती. एरवी ज्या रस्त्यावर तो तरंगत जायचा तिथे त्याला फक्त थांबण्याच्या जागा दिसत होत्या. प्रत्येक सिग्नल, प्रत्येक फाटक, रस्त्याकडेचा प्रत्येक उतार. पुढचं वाहन जरा मंदावलं की त्याचा पाय आपोआप जमीन शोधायचा. तळाच्या फाटकापुढे चढ होता आणि चढावर खडी. त्याने गाडी अलीकडेच सपाट जागी लावली आणि चालत आत गेला.

ट्रकचालक एका शेडखाली बसून टायरमधले खडे टोकदार हुकाने काढत होता. चौकशी संपेपर्यंत मालकाने त्याला तळावरच्या कामाला लावलं होतं. चष्मेवाल्याला पाहून तो उठला नाही.

"ताईंचा पाय?"

"सळई घातलीय. चालेल म्हणतात." मग त्याने पाठ केलेलं सगळं एका दमात म्हटलं: जबाब बदलला, परवाना परत मिळेल, मालकांशी मी बोलतो, चूक माझी, सगळी माझी.

ट्रकचालक खडे काढतच राहिला. "घरी पोरीने विचारलं, तुम्ही माणसाला मारलं का? मी म्हटलं, उचललं. ती म्हणाली, मग पोलीस का आले?" त्याने हूक खाली ठेवला. "याचं उत्तर मला देता येईना, साहेब. तुम्ही सांगा, काय सांगू?"

"सांगा की... तो माणूस घाबरट होता."

"ते तुम्ही सांगा. मी माझ्या पोरीपुढे कोणाला नावं ठेवत नाही."

 इतक्या वर्षांच्या सवयीने चष्मेवाल्याच्या लक्षात आलं होतं, की तो माणूस जवळचं बघताना डोळे बारीक करतो. "माझं चष्म्याचं दुकान आहे," तो म्हणाला. "तुम्हाला चांगला चष्मा करून..."

"माझे डोळे ठीक आहेत," ट्रकचालक म्हणाला. "त्या दिवशी वरच्या वळणावरून मला सगळं नीट दिसलं होतं. ताई उतरत होत्या, ते पण."

मालकाच्या खोलीत चष्मेवाला अर्धा तास उभा होता. बाहेर आला तेव्हा ट्रकचालक शेडखाली नव्हता.

तो घरी पोचला तेव्हा बायकोला रुग्णालयातून सोडलं होतं. मेहुण्यानेच तिला आणलं होतं. पाय उशीवर ठेवून ती बसली होती, आणि मेहुणा ट्रकवाल्याला कोणतं कलम लागतं ते तिला समजावत होता.

"थांब," चष्मेवाला म्हणाला, आणि हेल्मेट हातात तसंच ठेवून त्याने दारातच सांगून टाकलं.

मेहुण्याचं तोंड उघडं राहिलं. "भाऊजी, मी ऑफिसात, शेजारी, सगळ्यांना सांगत सुटलोय!"

"मग आता परत जाऊन सांग," बायको म्हणाली. "हे पण येतील तुझ्याबरोबर."

मेहुणा गेला तो पाय आपटतच. पुढे वर्षभर त्याने बहिणीकडे यायचं सोडलं नाही, पण भाऊजींशी तो पाऊसपाण्यापुरतंच बोलायचा. न्यायाधीशांनी दंड केला आणि चार शब्द सुनावले. ट्रकचालकाला तीन आठवड्यांनी ट्रक परत मिळाला. हे चष्मेवाल्याला मालकाकडून कळलं, त्याच्याकडून नाही. बायको पाच महिन्यांनी कामावर गेली. तिथे आता तिला स्टूल दिलंय, ते तिला आवडत नाही.

गाडी विकायची गोष्ट त्याने एकदा काढली. "माझं नाव सांगून नका विकू," ती म्हणाली. "विकायची तर स्वतःसाठी विका." त्याने विकली नाही. सुट्टीच्या सकाळी तो एकटाच जातो. ती मागे बसत नाही, आणि तोही म्हणत नाही.

परत आल्यावर ती विचारते, "पडलात?"

"नाही," तो म्हणतो. किंवा, "एकदा. पेट्रोल पंपावर. दोघांनी हात लावला."

तो आता खरंच सांगतो. तरीही ती लगेच मान हलवत नाही. हातातलं काम थांबवून जरा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहते, आणि तो हेल्मेट हातात धरून, ती बघून होईपर्यंत उभा राहतो.