ढगामागची गाडी

लिलाधरने व्हॅन डांबरी रस्त्यावरून पांदणीच्या कच्च्या वाटेत घातली, तशी नंदिनीने टपावरच्या भोंग्याचा माइक तोंडाशी धरला. आसगावच्या अंगाने ढग पार खाली उतरला होता. मांडीवरच्या मोबाईलच्या नकाशावर विजेचे लाल ठिपके एकामागून एक उमटत होते आणि गाडीपेक्षा जोरात पुढे पळत होते.

“बाया हो, बांधीतून निघा. झाडाखाली नोका थांबू. घराकडं चला.”

बांध्यांतल्या पाण्यात धानाची रोवणी करणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघत. एरवी याच भोंग्यावरून लिलाधर गावोगाव भाजी विकायचा, त्यामुळे एखादी तरी चिखलातून विचारायचीच, “आज टमाटर काय भाव वो, वीजवाले?” पण हसत हसत का होईना, निघायच्या. हा दुसरा पावसाळा. ढग दिसला की दीर-भावजय त्याच्या मागावर निघत, जमलं तर त्याच्या पुढे.

गेल्याच्या गेल्या साली अशाच एका दुपारी नंदिनीचा नवरा धनराज वीज लागून शेताच्या धुऱ्यावर कोसळला होता. सासू बायाबाई म्हणाल्या, विजेच्या माणसाला शेणात ठेवा, शेण वीज ओढून घेतं. धाकट्या लिलाधरने गोठ्यातून टोपल्यावर टोपल्या वाहिल्या. नंदिनीने गळ्यापर्यंत लिंपलं, तान्ह्या बाळाला तेल लावावं तशा हाताने. एकदोनदा हाताखाली छाती हलल्यासारखी वाटली; शेण गुण देतंय म्हणून तिने आणखी लिंपलं. तासाभराने दवाखान्यात नेलं. तेव्हापासून घरात एकच बोलणं होतं, की तो जागीच गेला, आणि तरी आपण काही कसर ठेवली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिला एकटीला बाजूला घेऊन काय म्हणाल्या, ते तिने घरात उच्चारलं नव्हतं. टोपल्या वाहणाऱ्याला ते कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि ज्या माउलीने शेण मागितलं, तिला?

लख्ख झालं आणि त्याच क्षणी आवाज. लिलाधरने ब्रेक दाबला. दोन बांध्यांपलीकडे माणसं पळत होती.

ते पोचले तेव्हा एक तरुण बाई धुऱ्यावर आडवी पडली होती, मुठीत रोपांची जुडी तशीच. तिची सासू तिला तृप्ती, तृप्ती म्हणून हलवत होती. नवरा भूपेंद्र फावड्याने खड्डा करत होता आणि गावाकडून दोघं जण शेणाची टोपली घेऊन येत होते.

नंदिनी चिखलात गुडघ्यांवर बसली. तृप्तीच्या छातीवर तिने तळवा ठेवला. थांबून थांबून, पण हलत होती.

“गाडीत घ्या इले.”

“शेणात ठेवल्याबिगर हलवाचं नाही,” सासू म्हणाली. “तुमी बाहेरचे लोकं. तुमाले काय मालूम?”

भूपेंद्रचं फावडं थांबलं नाही. लिलाधर नंदिनीच्या मागे येऊन उभा राहिला आणि हळूच, समजूत घातल्यासारखा म्हणाला, “ठेवू द्या वैनी थोडा वेळ. मंग नेऊ. आपणही केलंच होतं ना.”

नंदिनीने मागे वळून पाहिलं नाही. उठून तिने फावड्याचा दांडा धरला.

“माह्या नवऱ्याले मी शेण लावलं,” ती भूपेंद्रला म्हणाली. “तासभर. तो जिवंत होता. डॉक्टरीणबाई म्हणे, लागल्या लागल्या आणलं असतं तं वाचू शकला असता.”

पाऊस आला, मोठ्या थेंबांचा. भूपेंद्र तिच्याकडे आणि तृप्तीकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग नंदिनीच्या पाठीमागून आवाज आला.

“शेण मी आणलं होतं,” लिलाधर म्हणाला. “फेक ते फावडं, भाऊ. पायाकडून धर.”

पवनीच्या दवाखान्याच्या रस्त्याला तृप्तीचं डोकं नंदिनीच्या मांडीवर होतं. सासू तिचे तळपाय चोळत होती, भूपेंद्र दाराला चिकटून बसला होता. लिलाधर सरळ काचेतून बघत होता. त्याने एकदाच विचारलं.

“कवापासून मालूम हाये तुमाले?”

“त्याच दिवशी सांगितलं डॉक्टरीणबाईनं.”

त्याने गिअर बदलला. तो चुकीचा पडला, गाडी हिसका खाऊन पुन्हा चालू लागली.

दवाखान्यात दोन तास गेले. ठोके ठीक आहेत, रात्रभर ठेवून घेऊ, असं कळल्यावरच दोघं निघाली. येताना ढग नागपूरच्या बाजूला विरून गेला होता, आणि बांध्यांतल्या पाण्यात नुसतं आभाळ होतं.

घरी दिवेलागण झाली होती. बायाबाई ओसरीवर नातीची वेणी घालत होत्या. बातमी या दोघांच्या आधी फोनवरून पोचलेली.

“वाचली म्हणे ते पोरगी.”

“हो, माय.”

“शेणात ठेवली होती का?”

लिलाधरने पायरीवर बसून चिखलाचे बूट काढले. एक काढून झाल्यावर तो म्हणाला, “नाही. लागल्या लागल्या गाडीत टाकली, म्हणून वाचली.”

बायाबाईंचे हात थांबले. नात मान वळवून बघू लागली, तशी त्यांनी तिची मान हलकेच पुन्हा सरळ केली.

“आपला धनराज तं जागीच गेला होता ना रे?”

नंदिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने तो खाली ठेवला नाही, पुढेही केला नाही.

“जागीच, माय,” लिलाधर म्हणाला. “मी पायलं होतं.”

“हां,” बायाबाई म्हणाल्या. “मी बी तेच म्हणतो सगळ्याईले.”

त्यांनी तिन्ही पेड पुन्हा बोटांत धरले. पण कोणता कोणावरून न्यायचा, तेच त्यांना उमगेना. वेणी त्यांनी मुळापासून सोडवली आणि मोकळे केस नुसते हाताने विंचरत राहिल्या.