दोन तपकिरी बाटल्या

फखरुन्निसाच्या डाव्या डोळ्याची नजर कधी गेली, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. दुखलं नाही, लाल झालं नाही. आखातातल्या मिरकाब वस्तीत, दोन खोल्यांच्या घरात ती बायकांचे कपडे शिवायची. डाव्या हाताला ठेवलेली कात्री सापडेनाशी झाली, दाराची चौकट खांद्याला लागायला लागली, तेव्हा तिचा नवरा उस्मान तिला दवाखान्यात घेऊन गेला. ते १९६२ साल होतं.

डोळ्यांचे डॉक्टर हैदराबादचे होते. उर्दूत सावकाश बोलायचे. "काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस सुकत जाते. डाव्या डोळ्याचं जे गेलं ते परत यायचं नाही. उजवा अजून बराच चांगला आहे. तो राखायचा."

"कसा राखायचा?"

"थेंबांनी. दिवसातून चार वेळा, दोन्ही डोळ्यांत. रोज, जन्मभर."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला समोर बसवून शिकवलं. आधी हात साबणाने धुवायचे. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढायची, एकच थेंब. नळीचं टोक डोळ्याला, पापणीला, कशालाच लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. फखरुन्निसाने पाच वेळा करून दाखवलं, तेव्हा नर्सबाईंनी तिला सोडलं.

पहिला महिना वाईट गेला. थेंब घातला की कपाळ ठणकायचं आणि भर दुपारी खोलीत संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना. चार दिवस तिने बाटलीला हातच लावला नाही. डोळे मोकळे झाले, शिवणकाम भराभर उरकलं. पाचव्या दिवशी तपासणीला गेली, तर डॉक्टरांनी दाब मोजून बाटली तिच्यासमोर ठेवली.

"औषधाने बाहुली बारीक होते, म्हणून अंधारल्यासारखं वाटतं. बाई, चार दिवस तुम्हाला बरं वाटलं, तेव्हा आत दाब चढत होता. त्रास झाला तर मला येऊन सांगा. मनाने बंद करू नका."

तिने पुन्हा बंद केलं नाही. शिलाई मशीन उचलून खिडकीपाशी आणलं आणि काळं कापड फक्त सकाळच्या उन्हात शिवायचं ठरवलं. उस्मान एकदा म्हणाला, "गावाला जाऊन र्‍हा गो थोडे दिवस. रत्नागिरीला माझ्या बहिणीकडे आराम मिळेल."

"आणि औषध? तिकडे मिळेल याचा भरवसा देता तुम्ही?" तिने विचारलं. तो विषय तिथेच संपला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत राहणाऱ्या असमाचा डोळा लाल झाला. असमा म्हणजे उस्मानचा धाकटा भाऊ सिराज याची बायको. उजेड सोसेना, डोळ्यातून पाणी यायचं थांबेना. त्याच डॉक्टरांनी आतून सूज आहे असं सांगून तिलाही थेंब दिले आणि बाटली गार जागी ठेवायला सांगितलं. दोन्ही खोल्यांत गार जागा एकच होती, पाण्याच्या माठामागचा कोनाडा. फखरुन्निसाची बाटली तिथेच असायची. असमाने आपलीही शेजारी ठेवली. तपकिरी काच तीच, रबरी बोंडाची नळी तीच, वर इंग्रजी चिठ्ठी. इंग्रजी दोघींनाही येत नव्हतं.

त्या गुरुवारी लग्नाच्या पोशाखांची घाई होती. दुपारचे बारा वाजले तशी फखरुन्निसा उठली, हात धुतले, कोनाड्यातली बाटली घेतली, दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, कोपरे दाबले आणि पुन्हा मशीनवर बसली.

अर्धा तास गेला तरी कपाळ ठणकलं नाही. तिला नवल वाटलं. मग खिडकीतला उजेड बोचायला लागला. सुईचं नेढं पसरून धूसर झालं. तिचं औषध उजेड कमी करायचं. आज उजेड वाढत होता.

ती आरशापाशी गेली. वर्षभर तिने आपल्या बाहुल्या मोहरीएवढ्या पाहिल्या होत्या. आता त्या मोठ्या, काळ्याभोर होत होत्या.

"असमा! इकडे ये. तुझी बाटली कुठे आहे?"

असमा डोळ्यावर ओढणी धरून आली, कोनाड्यात हात घातला आणि थांबली. "भाभी, ही भरलेली तर तुमची. माझी अर्ध्यावर आली होती." मशीनवर ठेवलेली बाटली अर्धी होती. असमाचा चेहरा उतरला. "अल्ला! आता काय? पाण्याने धुवा ना. नाहीतर तुमचं औषध वरून दोन-चार थेंब जास्त घाला, म्हणजे उतरेल."

फखरुन्निसाचा हात भरलेल्या बाटलीकडे गेलाही होता. तिने तो मागे घेतला.

"नाही. एक चूक झाली, तिच्यावर दुसरी नको. बुरखा घे. दोन्ही बाटल्या घे. दवाखान्यात जायचं."

"भाईजान अर्दियाच्या गोदामातून येईपर्यंत तरी..."

"त्यांचं गोदाम पाचला सुटतं. तोवर माझा डोळा थांबायचा नाही."

टॅक्सीत उन्हाने तिचे डोळे उघडेनात. उजव्या भुवईच्या वर एक कळ सुरू झाली होती, नेहमीच्या ठणक्यापेक्षा खोल. ती आपल्या डोळ्यांना काही झालं तर काय, हा विचार मनात येऊ देत नव्हती. डॉक्टरांना काय सांगायचं, तेवढंच पुन्हा पुन्हा मनात घोळवत होती.

खिडकीवरचा कारकून नोंदवही मिटत होता. "खलास. उद्या जुम्म्याची सुट्टी. शनिवारी या."

"भाई," फखरुन्निसा दोन्ही बाटल्या त्याच्यासमोर ठेवत म्हणाली, "मला काचबिंदू आहे. माझ्या औषधाऐवजी हे दुसरं डोळ्यांत गेलं. एक तास होत आला. डॉक्टरांना एवढंच जाऊन सांगा. त्यांनी शनिवारी या म्हटलं तर मी जाईन."

ती खिडकीला धरून उभी राहिली. मागे असमा मुसमुसत होती. कारकुनाने दोघींकडे पाहिलं, बाटल्या उचलल्या आणि आत गेला. दोन मिनिटांत डॉक्टर स्वतः बाहेर आले.

त्यांनी डोळे बधिर करून दाब मोजला. उजव्या डोळ्याचा दाब दुपटीच्या जवळ गेला होता. "हे ॲट्रोपिन आहे," ते म्हणाले. "तुमचं औषध बाहुली आवळतं, हे ती पसरवतं. असमाबाईंच्या डोळ्याला तेच हवं, तुमच्या डोळ्याला ते विष. याचा अंमल कित्येक दिवस राहतो. घरी सोडत नाही."

गोळ्या दिल्या, दर थोड्या वेळाने त्यांनी मोजून थेंब घातले. उस्मान धावतपळत पोचला तेव्हा ती डोळे मिटून पलंगावर पडली होती. त्याने तिचा हात धरला.

"अंधार आहे का गो?"

"नाही. उलट फार उजेड आहे," ती म्हणाली. मग इतका वेळ आवरलेलं रडू तिला आलं.

तिसऱ्या दिवशी दाब उतरला. डॉक्टरांनी उजवी नजर तपासली. होती तेवढी होती. "उशीर केला असता तर सांगता आलं नसतं," ते म्हणाले. "आणि मनाने आणखी थेंब ओतले नाहीत, हे बरं केलंत."

घरी आली तर असमा दारातच रडायला लागली. तिने तीन दिवस आपलं औषध घातलंच नव्हतं. "मला त्या बाटलीची भीती वाटते, भाभी. फेकून देते."

"डोळा बघू," फखरुन्निसा म्हणाली. तो पुन्हा लालभडक झाला होता. "वेडी आहेस का? माझी चूक झाली म्हणून तुझा डोळा घालवणार? उद्या डॉक्टरांकडे जाऊन किती घालायचं ते विचारून ये. मी येते बरोबर."

गेल्या दोघी. फखरुन्निसाने कंपाउंडरला दोन्ही बाटल्यांवर उर्दूत नावं लिहायला लावली, बाटली कोणत्या तारखेला उघडली तेही. महिना झाला की उरलेलं औषध टाकायचं, असं त्याने सांगितलं. असमाची बाटली तिच्याच खोलीत, वेगळ्या सुरईमागे गेली. आणि घाई कितीही असो, चिठ्ठीवरचं नाव मोठ्याने वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही, असा नियम फखरुन्निसाने स्वतःला घालून घेतला. उस्मान घरी असला की तोही ऐकायचा आणि "बरोबर" म्हणायचा.

लग्नाचे पोशाख दोन दिवस उशिरा गेले. नवरीच्या आईने कुरकुर केली. फखरुन्निसाने माफी मागितली आणि खिडकीपाशी बसून शेवटची तुरपाई घातली.