कडेवर कोणी नसताना

आमच्या हौशी रेडिओवाल्यांची आठवड्याची हजेरी घ्यायची पाळी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती, आणि ती मिळवायला मी मास्तरांच्या किती मागे लागले होते ते मलाच ठाऊक. मास्तर म्हणजे निवृत्त गणिताचे शिक्षक, आमच्यातले सगळ्यात जुने. हजेरी म्हणजे काय, तर दिवेलागणीला ज्याने त्याने आपापला सेट लावायचा आणि पाळीवाल्याने एकेकाला हाक मारून विचारायचं, ऐकू येतंय का, कसं येतंय, काय नवीन. उद्या पूर आला, फोन बंद पडले, तर हीच साखळी उपयोगी पडावी म्हणून हा सराव. एरवी ती गप्पांनाच उपयोगी पडते.

मास्तरांची हरकत एकच होती. "बाई, तुमचा आवाज खणखणीत येतो. पण तुमच्यामागून जो दुसरा आवाज येतो, तो हजेरी घेऊ देईल का?"

दुसरा आवाज म्हणजे गोटी, माझी वर्षाची लेक. रेडिओच्या लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास मी तिला पोटात घेऊन केला होता, त्यामुळे अर्धं लायसन्स आपलं असं तिचं मत असावं. सेट दिसला की तिला अँटेना हवीच. काळी, रबरी, जराशी वाकणारी. दात येणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे?

खरं सांगायचं तर गोटी आल्यापासून माझं म्हणावं असं एवढंच उरलं होतं. पंज्याएवढा एक सेट, आणि त्यातून मला लायसन्सबरोबर मिळालेल्या माझ्या स्वतःच्या कॉलसाईनने हाक मारणारी चार माणसं. घरात मी गोटीची आई, दवाखान्यात गोटीची आई, खालचा दूधवालासुद्धा 'गोटीची आई, पिशवी' म्हणून ओरडतो. आजची हजेरी फसली असती तर मास्तर रागावले नसते. 'पोरगी मोठी होऊ दे, मग बघू,' एवढंच म्हणाले असते. तेच मला नको होतं.

म्हणून मी चोख बंदोबस्त केला. नवऱ्याला आणि गोटीला आत्याकडे पिटाळलं. आतल्या खोलीत टेबल मांडलं, खिडकी लावून घेतली, चहा घेतला, खुर्चीवर ऐसपैस बसले. दोन्ही हात मोकळे! एक हात मोकळा असला तरी मला हल्ली चुकल्यासारखं होतं, इथे तर दोन होते.

सेट तोंडापाशी नेला, बटण दाबलं आणि रुबाबात म्हटलं, "शुभ संध्याकाळ. आजची हजेरी सुरू करत आहे. ओव्हर."

बटण सोडलं. शांतता.

पुन्हा म्हटलं. मग मास्तरांचा आवाज आला. "कोणीतरी दार खरवडतंय, पण आत येत नाही. बाई, तुम्ही आहात का?"

"आहे, आहे!"

"नाहीत वाटतं," मास्तर म्हणाले.

आमचं सगळं बोलणं टेकडीवरच्या रिपीटरमधून जातं. तो म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू. आपण हळू सांगायचं, त्यांनी झेलायचं आणि गावभर मोठ्याने ऐकवायचं. पण आधी त्यांच्या कानावर तर पडलं पाहिजे! मला सगळ्यांचं येत होतं, माझंच कोणाला जात नव्हतं.

बॅटरी बघितली, पोट भरलेलं. अँटेनाचा आटा पिळून बघितला, घट्ट. ताकद पूर्ण पाच वॅट. रिपीटरचं दार उघडणारा तो बारीक सूर असतो, बोलण्याआधी सेटमध्ये लावून ठेवावा लागतो. गोटीने बटणं दाबून तो घालवला असेल म्हणून तेही तपासलं. जागच्या जागी. गेल्या आठवड्यात याच सेटवरून मी सगळ्यांशी बोलले होते, आणि तेव्हा तर गोटी माझ्या गळ्यात लोंबकळत होती.

तिकडे माझी शोकसभा सुरू झाली होती.

"नवीन आहेत, घाबरल्या असतील," आमच्यातला टायरवाला म्हणाला.

"घाबरतेय कशाला?" मी सेटवर खेकसले. सेटला काय त्याचं.

"लहान मूल आहे घरात," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांचं मन लागत नसेल हो. चांगल्या होत्या बिचाऱ्या."

होत्या! मी समोर हजर, कान शाबूत, तोंड चालू, आणि मला होत्या!

"पाच मिनिटं वाट बघू," मास्तर म्हणाले. "नाहीतर आजची हजेरी मी उरकतो."

माझा आरडाओरडा ऐकून सासूबाई दारात आल्या. या रेडिओला त्या 'ठोकळा' म्हणतात.

"काय झालं गं? ठोकळा रुसला?"

"आई, माझं कोणाला ऐकूच जात नाहीये."

"घरात तर सगळ्यांना जातंय." त्या आत येऊन पलंगावर टेकल्या. "गोटी नाही ना, म्हणून. त्याला तिची सवय झाली असणार."

"आई, यंत्र आहे ते."

"असेल. पण ती असताना बोलतं, ती नसताना बोलत नाही. मी आपलं दिसतं ते सांगितलं."

मी हसणार होते, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. सेट तोच, बॅटरी तीच. बदललं होतं ते एकच. गोटी नव्हती. मग गोटी असताना मी असं काय करत होते?

पहिली गोष्ट, बसत नव्हते. गोटीला कडेवर घेऊन बसलं की ती भोकाड पसरते. तिला बाहेरच्या बस दाखवत उभं राहावं लागतं, म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीत. ती खिडकी बरोबर टेकडीकडे आहे, आणि मी आज टेकडीकडे पाठ करून भिंतींच्या पोटात येऊन बसले होते.

पळत त्या खिडकीत गेले, सासूबाई मागोमाग. खिडकी सताड उघडली. बोलले.

"आता जरा आलं," मास्तर म्हणाले, "पण तुकडे तुकडे. कोण आहे?"

अजून काहीतरी राहिलं होतं. मी हातातल्या सेटकडे बघितलं. फोन धरावा तसा तो गालाला टेकला होता, आणि अँटेना कानावरून आडवी होऊन फ्रिजकडे बोट दाखवत होती. गोटी असती तर हे शक्य होतं का? तिच्या मुठीपासून वाचवायला सेट डोक्याच्या वर, सरळ उभा धरावा लागला असता आणि मान वर करून बोलावं लागलं असतं, झाडावरच्या माणसाशी बोलल्यासारखं.

अँटेना उभी ठेवावी, अंगापासून लांब ठेवावी. परीक्षेत हा प्रश्न होता. मी उत्तर बरोबर लिहिलं होतं.

हात वर केला, बोलायला लागले, आणि दोन शब्दांत हात आपोआप तोंडाशी आला. पुन्हा वर नेला, पुन्हा खाली. लांब धरायला कारणच नव्हतं ना!

"आई, पलंगावरची उशी आणा!"

"आता झोपतेस?"

उशी डाव्या कडेवर मारली. त्याबरोबर कंबर आपोआप बाहेर आली, पाय डुलायला लागले. पण उशी गरीब, ती काही ओढत नव्हती.

"आई, तुम्ही अँटेना ओढा."

"काय?"

"गोटी ओढते तशी. मी देणार नाही, तुम्ही ओढा."

सासूबाईंनी पदर खोचला. साठी उलटलेल्या बाईच्या अंगात एवढी गोटी असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या अशा झेपावल्या की माझा हात थेट खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत गेला. तिथून, वर बघत, मी बटण दाबलं.

"शुभ संध्याकाळ, आजची हजेरी सुरू करत आहे. ओव्हर!"

"आलात!" मास्तर म्हणाले. "घंटेसारखा आवाज! बोला बाई, हजेरी तुमची."

मग मी हजेरी घेतली. एकेकाला हाक मारली. डॉक्टरीणबाईंना मुद्दाम सगळ्यात आधी, आणि "मी अजून आहे बरं का," असंही सांगितलं. सासूबाई मधूनमधून हात घालत होत्या. गरज संपली होती, पण त्यांना आता मजा यायला लागली होती.

शेवटी मास्तरांची पाळी. "बिघाड काय होता? बाकीच्यांना कळू द्या."

"खुर्ची," मी म्हटलं. "आणि निवांतपणा. सध्या हातातला सेट, पाच वॅट, उभी अँटेना, आणि कडेवर उशी. ओव्हर."

"कडेवर काय?" टायरवाल्याने विचारलं.

तेवढ्यात दार वाजलं. नवरा आला. खांद्यावर गोटी, आत्याकडे रडून लाल झालेली. मला बघताच तिने दोन्ही हात पसरले, माझ्याकडे की अँटेनाकडे ते तिचं तिला माहीत. उशी खाली पडली आणि ती कडेवर आली, गरम, जड, मानेत तोंड खुपसणारी. आणि लगेच सेटसाठी मूठ वर. माझा हात होता त्याहून वर गेला. तिने सेटकडे बघून मोठ्याने "आँ?" केलं. झटापटीत बटण दाबलं गेलं होतं.

"हा दुसरा आवाज ओळखीचा आहे," मास्तर म्हणाले. "आणि बाई, आता तर सगळ्यात स्वच्छ येतंय. काय बदललंत?"

"उशी," मी म्हटलं.

"राहू द्या मग तीच," मास्तर म्हणाले. "पुढच्या पाळीलासुद्धा."