आत्याचा आरसा

आत्या आरसा द्यायला तयार होती, पण एकटा नाही. "जाईल तर माझ्याबरोबर," असं म्हणून ती भाचीच्या, म्हणजे फोटोवालीच्या, स्कूटरवर मागे बसली, आरसा पोटाशी धरून.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या त्या दफनभूमीत फोटोवाली आठवडाभर खपत होती. नगरपालिकेच्या ऑफिसचा हुकूम साधा होता. ज्या दगडावरचं नाव फोटोत वाचता येईल तो राहील. बाकीचे उचलायचे आणि तिथे गाड्या लावायच्या. दोनशे दगड झाले. शेवटचा मात्र हटून बसला होता, झिजून पार गुळगुळीत. आणि नेमका तोच रखवालदाराचा लाडका!

"आमच्या आजीला तेवढं सांभाळा हो, ताई," तो दहाव्यांदा म्हणाला. तीस वर्षं तो त्या दगडाला आजी म्हणत आला होता. पोरीचं लग्न ठरलं, आधी हिला विचारलं. बायकोशी भांडला की हिच्याच पायाशी येऊन रुसून बसायचा. पाचला साहेब यायचे होते आणि बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला होता.

आरशानं ऊन वळवून दगडावर बाजूनं पाडायचं, म्हणजे खोदलेल्या अक्षरांत सावली भरते, एवढंच काम. पण आत्या कसली ऐकतेय! ऊन सरळ समोरून फेकी आणि दगड नुसता पांढराफटक दिसे.

"आत्या, बाजूला हो ना जरा!"

"माणूस आहे मी, स्टँड नाही!"

साडेचार झाले. ऊन झाडांमागे सरकायला लागलं. फोटोवाली अगदी रडकुंडीला आली. तेवढ्यात वाऱ्यानं आत्याचा अंबाडा सुटला. झालं! सगळं सोडून ती दगडाच्या कडेला वळली आणि आरसा कलता करून केस बघू लागली.

"आत्या, हलू नकोस!"

ऊन दगडावरून तिरकं सरपटलं आणि एकेक अक्षर वर आलं. फोटोवालीनं धडाधड फोटो काढले, मग मोठ्यानं वाचलं. नाव, आडनाव, तारीख. सगळ्यात खाली, वय सहा वर्षं.

मग रखवालदारानं कमरेवर हात ठेवले. "काय गं ए! तीस वर्षं आजी म्हणवून घेतलंस होय माझ्याकडून?" तो हसत होता आणि डोळेही पुसत होता.

साहेबांनी फोटो पाहिला, नाव वाचलं, सही केली. दगड राहिला.

रोज फाटक लावताना रखवालदार लांबूनच "येतो, आजी" म्हणायचा. आज तो परत आत गेला, दगडावरचा पाचोळा झटकला आणि खाली वाकला.

"भिऊ नकोस हं," तो म्हणाला, "मी इथंच आहे, फाटकाशी."