पडद्यावरचा पूल

"उजेड बरोबर नाही," फोटोवाले म्हणाले आणि कॅमेऱ्यावर झाकण बसवून मोकळे झाले.

सकाळपासून हे असंच चाललं होतं. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी ऊन डोळ्यांवर येत होतं. राजवाड्याच्या फाटकाशी मागे गर्दी होती. आणि आता या बागेत, जिथे ना ऊन ना गर्दी, तिथे उजेड बरोबर नव्हता. कारंज्याच्या कठड्याला टेकून उभ्या राहिलेल्या वहिनींनी चेहऱ्यावर आणलेलं हसू काढून टाकलं.

"अहो, लाईट गेलेली असताना टॉर्च लावून फोटो काढलेत तुम्ही लोकांचे. आणि इथे भर दुपारी उजेड नाही?"

"ढगाळ आहे गं. चेहरा फिका येईल."

"फिका आहेच तो. ढगांवर कशाला ढकलता?"

यावर फोटोवाल्यांनी बॅगेची चेन उगाच उघडली आणि लावली. 

गावात त्यांचा एकच स्टुडिओ, म्हणून ते 'फोटोवाले' आणि त्यांची बायको म्हणून या 'स्टुडिओवहिनी'. स्टुडिओत मागच्या भिंतीवर एक रंगवलेला पडदा होता. नदी, तिच्यावर दगडी पूल, पुलावर दिवे आणि खाली पाण्यात हंसांची जोडी. लग्न झालं त्या वर्षी फोटोवाल्यांनी एका जुन्या कॅलेंडरवरून तो रंगवला होता. गावातली लग्नं, बारशी, शाळेतले पहिले नंबर, सगळं त्या पुलासमोर उभं राहून गेलं. फक्त वहिनी तेवढ्या राहिल्या. "तू काय, घरचीच आहेस. कधीही काढू," असं म्हणता म्हणता केस पिकले, आणि गेल्या वर्षी औषधांनी ते गेलेसुद्धा. आता कुठे बोटभर आले होते. वहिनींनी त्यांवर स्कार्फ बांधला होता आणि कानात मोत्यांच्या कुड्या घातल्या होत्या. फोटोसाठीच घातल्या होत्या, दुसरं काय!

पोटातली गाठ पुन्हा आली, तेव्हा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. आणखी औषधं देता येतील, पण गुण येईल असं वाटत नाही. बाहेर आल्यावर फोटोवाले म्हणाले, "डॉक्टर काय, बोलायचं म्हणून बोलतात." वहिनी म्हणाल्या, "औषधं पुरे झाली. मला तुमचा तो पूल खरा खरा दाखवा." ते दोघं इथे, या परक्या देशात, आले ते असे. विमानात बसल्यापासून फोटोवाले "पुढच्या वेळी आलो की" असं किती वेळा म्हणाले असतील! दर वेळी वहिनींना वाटायचं, या माणसाला धरून गदागदा हलवावं.

कारण फोटो का निघत नाही, ते त्यांना ठाऊक होतं.

स्टुडिओच्या काउंटरवर त्याही बसत. घरात कुणी गेलं की लोक फोटो शोधायला लागतात, आणि एकट्याचा असा फोटो निघतच नाही. मग येतात कुठल्यातरी लग्नातला घोळका घेऊन. "यातले आमचे तात्या तेवढे वेगळे काढून द्या." फोटोवाले अंगठ्याने आजूबाजूची माणसं झाकून बघायचे, माणूस नीट निघतो का ते. मग कापायचे, मागे फिकट निळा रंग भरायचे, फ्रेम करायचे. जेवताना कुरकुर करायचे, "जिवंतपणी एक फोटो काढून घ्यायला काय होतं यांना? खांद्यावर दुसऱ्याचा हात असला की माझं मरण. हात पुसायचा म्हणजे अख्खा खांदा नव्याने रंगवायचा."

आता वहिनी म्हणत होत्या, जिवंतपणी एक काढा. तर या माणसाचा हातच उचलत नव्हता.

पूल बागेच्या पलीकडेच निघाला. चालता चालता वहिनींना दोनदा बसावं लागलं. दोन्ही वेळा फोटोवाले, "माझेच पाय दुखतायत" म्हणून आधी टेकले.

वहिनींनी पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला. दगड काळपट, दिव्यांपैकी निम्म्यांच्या काचा फुटलेल्या, एका अंगाला दुरुस्तीचे लोखंडी कठडे. खाली पाणी मातकट, त्याला ना काही चमक ना काही.

"तुमची बदकं कुठायत?"

"हंस होते ते."

"बरं, हंस. कुठायत?"

फोटोवाले खाकरले. "कॅलेंडरवर नव्हतेच. पडदा तिथे फाटला होता. ठिगळ लपवायला काढले."

वहिनी हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पोटाला हात लावून त्यांना कठडा धरावा लागला. गावभरच्या लग्नांच्या पायाशी तरंगणारी ती जोडी म्हणजे ठिगळ! हसता हसता कळ आली आणि चेहरा आवळला. फोटोवाले धावले. त्यांनी दंड धरला.

"बसतेस? गाडी बघू? परत जाऊ या का?"

"फोटो काढा," वहिनी म्हणाल्या. "मग जाऊ."

"आता या अवस्थेत?"

"यापेक्षा बरी अवस्था आता यायची नाही."

असं तोंडावर दोघांपैकी कुणी आजवर म्हटलं नव्हतं. फोटोवाल्यांनी तोंड फिरवलं आणि ते पाण्याकडे बघत राहिले. वहिनींना त्यांचा राग आला आणि दयाही आली. एकटीने सगळं समजून घ्यायचं, वर यांचंही सांभाळायचं, म्हणजे किती करायचं एका बाईने?

पुलावर एक झाडूवाली पानं गोळा करत होती. चांगली थोराड, डोक्यावर लोकरीची टोपी. वहिनींनी तिला हाक मारली, फोटोवाल्यांच्या गळ्यातला कॅमेरा सरळ काढून तिच्या हाती दिला आणि बोटाने दाखवलं, आम्ही दोघं. तिला भाषा कळायचं कारण नव्हतं, पण काम कळलं. तिने झाडू कठड्याला लावला आणि हातमोजे काढले.

"अहो, तिला फोकस..."

"गप्प उभे राहा."

दोघं पुलाच्या दिव्याखाली उभे राहिले, एखाद्या कचेरीच्या रांगेत उभे असावेत तसे. झाडूवालीला ते पटेना. तिने हातानेच खूण केली, जवळ, आणखी जवळ. फोटोवाले अर्धं पाऊल सरकले. तिने मान हलवली, कॅमेरा बगलेत धरून तडक आली, त्यांचा उजवा हात उचलला आणि वहिनींच्या खांद्यावर ठेवून दिला. वर हनुवटीला बोट लावून ती उंचही केली. साऱ्या गावाच्या हनुवट्या उंच करणारा हा माणूस, त्याला असं उभं करणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने उभं राहून घेतलं.

खट् झालं. झाडूवालीने कॅमेरा परत दिला, वहिनींच्या गालावर हलकेच हात ठेवला आणि झाडू घेऊन पुन्हा कामाला लागली. तिला काय कळलं असेल ते तिचं तिला माहीत.

पुलाच्या टोकाशी बाक होता. तिथे बसून फोटोवाल्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो बघितला. पूल तिरका आला होता, दिवा अर्धा कापला गेला होता. पण वहिनी चांगल्या आल्या होत्या. नुकतंच हसणं झाल्यामुळे असेल, डोळ्यांत ते उरलं होतं.

ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा अंगठा हळूच सरकला आणि फोटोतल्या त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. आता कॅमेऱ्याच्या पडद्यावर वहिनी एकट्या होत्या.

वहिनींनी ते पाहिलं. थंडी एकदम वाढल्यासारखी वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

"निघेल का हो नीट?" त्यांनी विचारलं.

फोटोवाले दचकले. पण या वेळी उजेडाचं नाव त्यांनी काढलं नाही. अंगठाही उचलला नाही.

"निघेल," ते म्हणाले. "पण मी नाही करणार. मला नाही जमायचं. हे काम मी बाहेर देईन."

"बाहेर कुणाला? गावात दुसरा स्टुडिओ तरी आहे का?"

फोटोवाल्यांनी मान खाली घातली आणि ते रडू लागले, लहान मुलासारखं, नाक ओढत. वहिनींनी त्यांना रडू दिलं. मग स्वतःचा रुमाल काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि कॅमेरा आपल्याकडे ओढून घेतला. फोटोत त्यांच्या खांद्यावर ती चार बोटं स्पष्ट दिसत होती, फोटो धुण्याच्या रसायनांनी नखं कायमची पिवळी पडलेली.

"हात पुसत बसू नका मग," त्या म्हणाल्या. "राहू दे खांद्यावर. तेवढंच तुमचं काम कमी."