तळच्या पानातली कात्री

मी एक जुनी कात्री आहे. खिळ्याला टांगलेली लोखंडी कात्री वेगळी. ती तुम्हाला दिसते, मी दिसत नाही. मी मिरचीच्या रोपात, अगदी तळच्या पानाच्या पेशीत राहते. आत्ता ते पान तुटून पत्र्याच्या बादलीत पडले आहे. बादली पेटवायला काडी यायची आहे, तेवढ्यात माझी गोष्ट सांगून घेते, मित्रांनो.

माझे काम एकच, कापणे. आमच्या पेशीत निरोप नेणारे धागे असतात, त्यांना आरएनए म्हणतात. आमचे धागे बहुतेक एकेरी. विषाणू मात्र आत घुसून स्वतःच्या नकला काढू लागला की त्याचा धागा दुहेरी होतो. असा लांबलचक दुहेरी धागा दिसला की मी विचारपूस करत बसत नाही. स्वभावच तसा.

पुष्कळ दिवस मी रिकामीच होते. मग एक पांढरी माशी पानावर बसली. तिने सोंड खुपसली आणि तिच्या थुंकीबरोबर विषाणू आत आले. आल्या आल्या त्यांनी आमची यंत्रे बळकावली आणि आमच्याच अन्नावर आपली पिलावळ पोसली. माझ्या शेजारची पेशी तडफडत मेली. तिची भिंत माझ्या भिंतीला चिकटून होती, त्यामुळे मला सगळे कळत होते. मला भयंकर संताप आला.

मी तुटून पडले. सापडेल तो दुहेरी धागा धरला आणि त्याची खांडोळी केली. इवलेसे तुकडे माझ्या जोडीदाराच्या हाती दिले. त्याला आम्ही पकड्या म्हणतो. तो तुकडा नमुना म्हणून घेऊन फिरायचा आणि जुळणारा धागा दिसला की तिथल्या तिथे चिरायचा. पण विषाणूही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने असा एक गुंड सोडला, की तो माझे तुकडे पकड्याला मिळण्याआधीच हिसकावून घेई. मी कापत होते, तो लुटत होता. पान पिवळे पडले, मुरडले, काठाने करपले. हे पान आम्ही हरलो.

तरी माझे काही तुकडे शिरेतून वर निसटले. विषाणूच्या आधी ते शेंड्याला पोचले आणि कोवळ्या पानांतल्या पकड्यांना नमुना मिळाला. विषाणू वर आला तेव्हा त्याला पळता भुई थोडी झाली.

बाहेर हे कोणाला ठाऊक? ही रोपवाटिका दोघा भावंडांची, थोरली ताई आणि धाकटा भाऊ. वडिलांची शिकवण होती, रोग खालून चढतो, खालचे पान बघा. म्हणून भाऊ उकिडवा बसून ओळीने तळची पाने बघायचा आणि पान मुरडलेले दिसले की रोप उपटायचा. या वाणाची बाकी सगळी रोपे त्याने अशीच उपटून जाळली. आमचे शेवटचे. बी यावरच धरायचे होते. हे गेले असते तर वाणच गेला असता.

"हेही गेलं, ताई," म्हणत त्याने हिसका दिला. मुळे तटातट तुटली.

ताईचे गुडघे दुखतात. ती खाली बसत नाही, तिला वरून दिसते.

"अरे थांब! डोळे फुटले का तुझे? शेंडा बघ!"

"खालचं पान बघ ना, कसं करपलंय. बाबा म्हणायचे…"

"बाबांचे गुडघे धड होते, म्हणून ते खाली बसायचे. तू जरा उभा राहून बघ."

तो उभा राहिला. शेंडा हिरवागार होता, त्यात एक कळी होती. हातातली माती झटकायचेही त्याला सुचेना.

"ताई, म्हणजे… ती बाकीची पण वाचली असती?"

ताईने पायाने एक रिकामी कुंडी त्याच्याकडे सरकवली. म्हणाली, "कुंडीत लाव हे. सगळ्यांपासून लांब ठेव. खालची पानं काढ, पण आधी कात्री विस्तवावर धर."

त्याने तसेच केले. तापून थंड झालेल्या लोखंडी कात्रीने माझ्या पानाचे देठ कापले. मला राग आला नाही. कापावे कधी लागते, ते मला कळते.

मित्रांनो, फाटलेले, करपलेले पान दिसले तर उपटायला हात घालण्याआधी मान वर करून बघा. सगळीच रोपे वाचत नाहीत, पण एखादे लढत असते. भावाने काडी ओढली आहे. माझ्याकडे नका बघू आता, त्या कळीला पाणी घाला.